मलावीतल्या मुलांच्या घराचा आराखडा: विद्यार्थ्यांनी कोणत्या क्रमाने काम करावं

आफ्रिकेतल्या एखाद्या गावात अनाथ मुलांसाठी घर बांधायचं आहे, तुमच्या कॉलेजचे विद्यार्थी आराखडा करून देतील का, अशी विचारणा संस्थेकडून येते. पहिल्याच आठवड्यात वर्गात स्केचअप (संगणकावर घराचं त्रिमितीय चित्र काढायचं सॉफ्टवेअर) उघडतं, दुसऱ्या आठवड्यात गोल घरांचा गोंडस पुंजका तयार होतो आणि मग सहा महिने त्या पुंजक्याचं समर्थन करण्यात जातात. चुका तेव्हाच होतात, आणि बहुतेक क्रमाच्या असतात. चित्र सगळ्यात शेवटी यायला हवं, ते आधी आलेलं असतं.

खालचे टप्पे मलावी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत: लिलाँग्वे आणि डेड्झाच्या बाजूचं पठार, चेवा लोकांची वस्ती, एका घरात आठ-दहा मुलं आणि त्यांना सांभाळणारी एक आई. केनियात किंवा टांझानियात काम असेल तर कायदा, ऋतू आणि सूर्य बदलेल, क्रम हाच राहील.

टप्पा 1: घर हवंच आहे का, हे आधी ठरू द्या

हा टप्पा विद्यार्थ्यांना आपला वाटत नाही. पण इथे उत्तर चुकलं तर पुढचं सगळं काम चांगलं होऊनही चुकीचं ठरतं.

युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एक जण गेलेलं मूलही अनाथ धरलं जातं, त्यामुळे 'अनाथ' म्हणून यादीत असलेल्या अनेक मुलांची आई जिवंत असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 मध्ये पर्यायी संगोपनाबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यांचा कल स्पष्ट आहे: आधी मुलाचं स्वतःचं कुटुंब, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब आणि संस्थेतलं घर अगदी शेवटी. तीन वर्षांखालच्या बाळांना तर कुटुंबातच ठेवावं असं ती सांगतात. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. रवांडाने 2012 पासून अनाथालयं बंद करत मुलांना कुटुंबांत परत पाठवण्याचं धोरण घेतलं. मलावीत 2010 चा बालसंगोपन, संरक्षण आणि न्याय कायदा लागू आहे आणि या बाबतीत जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाचा शब्द महत्त्वाचा असतो.

चेवा समाज मातृवंशीय आहे. मूल आईच्या कुळाचं, जमीन आईकडून मुलीकडे जाणारी आणि मुलांच्या बाबतीत मामाचं वजन मोठं. त्यामुळे "या मुलांचं कुणी नाही" असं कुणी सांगितलं की मामा आणि मावश्या कुठे आहेत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

संस्थेकडून चार गोष्टी लेखी मागवा:

- मुलं कोणत्या गावांतून येणार आणि त्यांच्या नातेवाइकांशी कोण बोललं आहे
- समाजकल्याण कार्यालयाची संमती
- घर चालवायचा दर वर्षाचा खर्च, म्हणजे आईचा पगार, अन्न, शाळा, डागडुजी, पुढची किमान पाच वर्षं कोण देणार
- मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कुठे जाणार

तिसऱ्या प्रश्नाला "देणगीदार मिळतील" असं उत्तर आलं तर थांबा. बांधकामाला पैसे मिळतात, मिठाला मिळत नाहीत.

उत्तरं समाधानकारक नसतील तर काम सोडून द्यायची गरज नाही, ते बदलून घ्या. आजीच्या घराला एक खोली वाढवणं, गळकं छप्पर बदलणं किंवा गावाने चालवलेलं बालसंगोपन केंद्र (मलावीत अशी केंद्रं गावोगावी आहेत) यांचे आराखडेही तितकेच कष्टाचे असतात. फक्त ते पोर्टफोलिओत कमी चमकतात.

*तपासा: चारही उत्तरं कागदावर आल्याशिवाय एकही रेघ ओढायची नाही.*

टप्पा 2: वेळापत्रक तिथल्या पावसावर बसवा

मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो. मे ते ऑगस्ट कोरडा आणि थंड, सप्टेंबरपासून उन्हाचा कडाका. म्हणजे आपल्या हिशोबाच्या जवळजवळ उलट. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाया खणू असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, तो पाया पाण्याने भरेल.

चांगली गोष्ट म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तिथल्या पाहणीला नेमकी जमते. पाऊस नुकताच संपलेला असतो, पाणी कुठून वाहिलं त्याच्या खुणा जमिनीवर ताज्या असतात आणि रस्ते सुरू झालेले असतात. पहिल्या वर्षी मे महिन्यात पाहणी, मग पुढचं शैक्षणिक वर्ष आराखडा, अंदाजपत्रक आणि परवानग्या. दुसऱ्या वर्षी मेमध्ये आखणी, जून ते ऑक्टोबर बांधकाम. छप्पर ऑक्टोबरअखेर चढलंच पाहिजे.

याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. काम दोन शैक्षणिक वर्षांत पसरतं, म्हणून गटात शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी भरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे घ्या, आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: कुणाशी काय बोलणं झालं, काय ठरलं, का ठरलं. पुढच्या तुकडीला वारसा म्हणून तीच मिळते.

*सावध: प्रवास बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे होतो. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड जवळ ठेवा. परत येताना भारतातल्या विमानतळावर त्यावरून अडवलं जाऊ शकतं.*

टप्पा 3: तिथली माणसं गटात घ्या

आराखड्यावर सही तिथल्या नोंदणीकृत वास्तुविशारदाचीच हवी, तुमच्या प्राध्यापकांची तिथे चालत नाही. ठेकेदार नॅशनल कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री कौन्सिलकडे नोंदलेला असावा. ब्लँटायरच्या मलावी युनिव्हर्सिटी ऑफ बिझनेस अँड अप्लाइड सायन्सेसमध्ये (पूर्वीचं पॉलिटेक्निक) तुमच्याच विषयाचे विद्यार्थी आहेत. त्यांच्याशी जोड्या लावा, निम्मा गट त्यांचा ठेवा. भाषा, विटेचा भाव, गवंड्याची सवय हे तुम्ही महिनाभर शोधत बसाल, ते त्यांना फोनवर कळतं. मलावीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे आहे. आपले दुपारचे दोन म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा, बैठकीला सोयीची वेळ.

गावात शिरताना आधी गावप्रमुखाकडे जायचं. थेट जागेवर जाऊन टेप पसरणं हा उद्धटपणा समजला जातो आणि त्याची किंमत पुढे दोन वर्षं मोजावी लागते. जमीन रूढीने चालत आलेली असेल तर 2016 च्या कस्टमरी लँड कायद्यानुसार कागद झाला आहे का ते विचारा. आणि मातृवंशीय गावात प्रमुख 'हो' म्हणाला तरी ती जमीन कसणाऱ्या बायकांना वेगळं भेटल्याशिवाय जागा पक्की धरू नका.

जाणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांचा चारित्र्य दाखला घ्या. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढायचे नाहीत, घरी काय झालं हे मुलांना विचारायचं नाही, कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही. हे तीन नियम छापून सगळ्यांच्या सह्या घ्या.

टप्पा 4: जागा मोजा, पण आधी पाणी बघा

चढउतार मोजायला भारी उपकरण लागत नाही, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेता येते. दर पाच मीटरवर नोंद घ्या. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जागेवरून चाला आणि पाणी कुठपर्यंत येतं ते काठीने दाखवायला सांगा. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत, ब्लँटायरच्या डोंगरउतारांवर, दरडी आणि चिखलाखाली वस्त्या गाडल्या. उताराखालची सपाट मोकळी जागा नकाशावर छान दिसते. ती मोकळी का राहिली आहे, ते विचारा.

*सावध: माळावर मध्येच दाट झाडीचा पट्टा दिसला की विद्यार्थी खूश होतात आणि घरं त्याच्या सावलीत सरकवतात. मलावीत असा राखलेला झाडीचा पट्टा बहुधा गावाचं दफनस्थान असतो. त्याच्यापासून किती लांब राहायचं ते गावाला विचारा, स्वतः ठरवू नका.*

याच भेटीत करायची छोटी कामं: दहा विटा एका ओळीत लावून लांबी मोजा आणि सरासरी काढा, कारण गावच्या भट्टीतल्या विटेचं माप पुस्तकातल्यासारखं नसतं. जवळच्या बाजारात पत्रा किती लांबीचा आणि किती गेजचा (जाडीचा) मिळतो ते लिहून घ्या. हातपंप किती जणांना पुरतो आणि सप्टेंबरमध्ये पाणी टिकतं का, ते तिथे रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून कळेल.

टप्पा 5: ऐकून घ्या आणि फक्कीने आखा

"तुम्हाला कसं घर हवं?" असं विचारलं की पाहुण्याला आवडेल ते उत्तर मिळतं. त्यापेक्षा सांभाळणाऱ्या आईला पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंतचा दिवस सांगायला लावा आणि प्रत्येक कामाला जागा कुठे, किती वेळ, किती जण ते टिपा. मग चुन्याची फक्की घेऊन खोल्या जमिनीवर खऱ्या मापात आखा. चटया अंथरा, मुलांना आडवं व्हायला सांगा, आईला भांडं घेऊन चुलीपासून पडवीपर्यंत चालायला सांगा. कागदावर ऐसपैस वाटलेली खोली इथे पाच मिनिटांत उघडी पडते.

स्वयंपाकाकडे नीट बघा. रोजचं अन्न म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. दहा-बारा माणसांचा न्सिमा मोठ्या भांड्यात, म्थिको नावाच्या लांब लाकडी पळीने, दोन्ही हातांनी सगळा जोर लावून घोटावा लागतो. भांडं तीन दगडांवर, बाई त्याच्या वर वाकलेली किंवा बुटक्या स्टुलावर. आपल्याकडचे विद्यार्थी सवयीने 85 सेंटीमीटरचा ओटा काढतात. त्यावर ते भांडं ठेवलं की कड छातीच्या वर जाते आणि घोटायला जोरच लावता येत नाही. असा ओटा मग मक्याची पोती ठेवायला वापरला जातो. चूल बुटकी ठेवा, धूर जायला वरती मोकळीक द्या, स्वयंपाकघर झोपायच्या खोल्यांपासून सुटं पण आईच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा.

*तपासा: आखणी पाहून कुणीच काही बदलायला सांगितलं नसेल, तर लोक भिडेखातर गप्प आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना एकटं पाठवून पुन्हा विचारा.*

टप्पा 6: आता आराखडा

*सूर्य.* सगळ्यात जास्त होणारी चूक इथली. महाराष्ट्रात आपण दक्षिणेचं ऊन धरून चालतो, हात आपोआप दक्षिणेला छज्जा काढतो. लिलाँग्वे विषुववृत्ताच्या दक्षिणेला 14 अंशांवर आहे. तिथे साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. जूनमध्ये तो उत्तर क्षितिजापासून जेमतेम 53 अंश वर येतो, आणि तेव्हाच डेड्झाच्या बाजूला रात्री कडाक्याची थंडी पडते. म्हणून लांब भिंती उत्तर-दक्षिणेला तोंड करून, बसायची पडवी (तिला तिथे खोंडे म्हणतात, आणि अर्धा दिवस तिथेच जातो) उत्तरेला, पूर्व-पश्चिमेच्या भिंती लहान आणि शक्यतो बिनखिडकीच्या. ऑक्टोबरच्या कडक उन्हात सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्या वेळी छज्ज्याचा फारसा प्रश्न नसतो. तापतो तो पत्रा. पत्र्याखाली छत घाला आणि मधली हवा दोन्ही टोकांनी वाहू द्या.

वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये शिकत असतानाच बुर्किना फासोतल्या आपल्या गांडो गावात शाळा बांधली, ती 2001 मध्ये पूर्ण झाली. तिचं वर उचललेलं दुहेरी छप्पर आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाटीवर दिसतं. ते दिवसा भरणाऱ्या शाळेचं आणि भाजून काढणाऱ्या हवेतलं छप्पर आहे. जुलैच्या रात्री मुलं झोपणार असलेल्या घरावर ते जसंच्या तसं ठेवलं तर पोरं कुडकुडतील.

*झोपण्याच्या खोल्या.* एका खोलीत तीन-चार मुलं, भावंडं शक्य तिथे एकत्र. आईची खोली सगळ्यात लहान मुलांच्या शेजारी, रडणं ऐकू येईल अशी. चोरीच्या भीतीने खिडक्यांना गज बसवतातच, म्हणून प्रत्येक खोलीत आतून उघडणारा एक गज-दरवाजा तरी ठेवा, नाहीतर आग लागली की तो पिंजरा होतो. पाहुण्यांची बसायची जागा फाटकाजवळ. देणगीदार आले म्हणून मुलांच्या खाटांमधून त्यांना फिरवायची वेळ येऊ नये.

*डास.* हिवताप पसरवणारे डास घरात बऱ्याच अंशी वळचणीतल्या फटीतून शिरतात. वायुवीजन म्हणून भिंत आणि छपराच्या मधली जागा उघडी सोडली तर तुम्ही त्यांना दारच करून दिलंत. ती जागा ठेवा, पण पूर्ण जाळी लावून. दुमजली खाटा काढायच्या असतील तर मच्छरदाणी कागदावर टांगून बघा: वरच्या मुलाची कुठे अडकवणार आणि खालच्याची आत कशी खोचणार?

*पाणी.* हिशोब सोपा आहे, पण करतात थोडेच. 100 चौरस मीटर छपरावर वर्षाला 850 मिलीमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तर 68,000 लिटर मिळतं. बारा माणसांना प्यायला-रांधायला माणशी रोज 5 लिटर, कोरडे 200 दिवस, म्हणजे 12,000 लिटर. धुण्या-आंघोळीसकट माणशी 15 लिटर धरलं तर 36,000. अडचण छपराची नसून टाकीची असते. प्यायचं पाणी टाकीचं आणि बाकीचं हातपंपाचं, अशी वाटणी परवडते. पहिल्या पावसाचं पत्रा धुतलेलं पाणी, सुमारे शंभर लिटर, वेगळं सोडून द्यायची सोय हवी.

*संडास.* विहिरीपासून किमान 30 मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला, पण घरापासून 50 मीटरच्या आत. खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर. हवानळीचा संडास असेल तर नळी 150 मिलीमीटर रुंद, छपराच्या अर्धा मीटर वर, टोकाला माश्या अडवणारी जाळी आणि उन्हाच्या बाजूला, म्हणजे इथे उत्तरेला. आतून तो अंधाराच राहू द्या. उजेडासाठी खिडकी काढली तर माश्या जाळीकडे न जाता खिडकीकडे येतात आणि सगळी योजनाच मोडते. लहानांसाठी भोक लहान ठेवा. मोठ्या मुलींना पाळीचं कापड धुवायला आडोसा आणि ते उन्हात वाळवायला बंदिस्त अंगण लागतं. मुलगे आणि पुरुष प्राध्यापक असलेल्या गटात हे कुणी बोलत नाही, म्हणून यादीत लिहूनच ठेवा.

टप्पा 7: साहित्य आणि जोड

वाळवी हा तिथला खरा शत्रू. लाकूड जमिनीला टेकवू नका, जोतं उंच घ्या, भिंतीच्या कडेने फरशीचा पट्टा ठेवा म्हणजे वाळवीचा मातीचा बोगदा चढताना दिसतो. प्रक्रिया केलेली निलगिरी किंवा पाइन वापरा.

भाजलेल्या विटेची भट्टी डोंगरची झाडं खाते. सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा हा पर्याय आहे, मात्र माती आधी तपासा आणि त्या वाळताना ओल्या ठेवायला माणूस नेमा. घाईने उन्हात वाळवलेली वीट पहिल्या पावसात कडेने झडते.

देश मोठ्या भूभ्रंश दरीच्या पट्ट्यात येतो. 2009 च्या डिसेंबरमध्ये करोंगाच्या बाजूला भूकंपांची मालिकाच झाली. खिडक्यांच्या वर सलग रिंग बीम (सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा) हवाच. छपराच्या वाशांना बांधणारी पट्टी भिंतीत वरच्या एकाच थरात अडकवली तर वारा तो थर घेऊन उडतो. ती रिंग बीमखाली घालून वर काढा.

*तपासा: आराखड्यातली प्रत्येक वस्तू जवळच्या बाजारात मिळते का? "मुंबईहून पाठवू" असं ज्याच्यापुढे लिहिलंय, ते बिघडल्यावर तसंच पडून राहणार.*

टप्पा 8: कागद, बांधकाम आणि पहिला पाऊस

गवंड्याला रेंडर (संगणकावर केलेलं चकचकीत चित्र) नको. ए-3 आकाराचे, प्लॅस्टिकमध्ये घातलेले, एका पानावर एकच जोड दाखवणारे कागद द्या, मापं मिलीमीटरमध्ये आणि टप्पा 4 मध्ये मोजलेल्या विटेच्या पटीत. एका बाजूला पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवा, छप्पर उचलता येईल असं.

बांधकामाचं काम तिथल्या गवंडी-सुतारांचं. विद्यार्थ्यांनी फोटोपुरती थापी हातात घेऊन एका माणसाची मजुरी बुडवू नये. त्यांनी मोजमापं तपासावी, बदल वहीत उतरवावे आणि प्रत्येक बदलावर तिथल्या वास्तुविशारदाची सही घ्यावी.

घर सोपवताना आईबरोबर एकदा सगळीकडे फिरून दाखवा: पन्हळ ऑक्टोबरमध्ये झाडायची, टाकीची जाळी बदलायची, वाळवीचा बोगदा दिसला की मोडायचा. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता मात्र राखून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत, पाऊस भरात असताना, तिथल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने या घराला भेट देऊन वळचण, जोत्याची कड, खिडक्यांचे कोपरे आणि संडासाचा खड्डा बघायचा, भेगांवर पेन्सिलीने तारीख टाकून फोटो पाठवायचे. महिन्याने पुन्हा तेच फोटो, त्याच कोनातून. भेग वाढली नसेल आणि छप्पर गळत नसेल, तर हप्ता सोडा.